डेल आता बोट उचलत नाही

मिलवॉकीला जायचं ठरलं ते रविवारच्या चर्चमधल्या मिस्सेनंतर, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. माझी मुलगी रोझान दोन्ही पोरींना घेऊन जेवायला आली होती. तिचा नवरा चीजच्या कारखान्यात असतो, उन्हाळ्यात त्याला शनिवार-रविवार सुटी मिळत नाही. म्हणून जुलैत एकदा पोरींना आजी-आजोबांनी कुठेतरी न्यायचं आणि रोझानने सोबत यायचं, असा आमचा शिरस्ता. गाडी माझ्या नवऱ्याने, डेलने चालवायची, हाही शिरस्ताच. तो कुणी घातलेला नाही. आमच्याकडे घरातला मोठा पुरुष गाडीत पुढे बसतो आणि बाकीचे आपापली जागा शोधतात.

"आधी तळं," धाकटी ब्रिन म्हणाली.

"तळं नाही गं, लेक मिशिगन," मोठ्या टेसाने तिला सुधारलं. "पलीकडचा काठ दिसत नाही. तू बुडशील."

"तूच बुडशील."

"दोघी बुडा, पण आधी हॉटेलात सामान टाका," रोझान फोनवर खोल्यांची चित्रं बघत म्हणाली. "आई, याच्यात पोहायचा हौदही आहे. मग शनिवारी प्राणिसंग्रहालय, संध्याकाळी ते कस्टर्डचं आइस्क्रीम."

"आणि शुक्रवारी रात्री तळलेला मासा," डेल म्हणाला. "तुमच्या आजीचा शुक्रवार असतो, मांस चालत नाही. मासा मिळाला नाही तर ही आपल्या सगळ्यांना उपाशी चर्चच्या पायरीवर बसवेल."

"बसवेन," मी म्हटलं, आणि पोरी खिदळल्या.

डेलला फोनमधला नकाशा पटत नाही. त्याच्या मते फोनमधल्या बाईला रस्ता कळत नाही, नुसता आवाज गोड आहे. त्याने कागदाचा मोठा नकाशा आणून टेबलावर पसरला. विस्कॉन्सिन राज्याच्या उजव्या कडेला, लेकच्या काठावर, मिलवॉकी. तिथे त्याचं बोट पहिल्या झटक्यात गेलं.

"हे इथं जायचं. आता निघायचं कुठून, तर आपल्या..." त्याचं बोट डावीकडे सरकत आलं, मॅडिसनपाशी आलं आणि थांबलं. पुन्हा उजवीकडे गेलं, पुन्हा तिथपर्यंतच आलं. "आपलं गाव छापलंच नाही की यांनी."

"आजोबा, काय हे!" टेसा हसून लोळायला लागली. "आजोबांनी गाव हरवलं! हे काय, नदीपाशी." तिने त्याचं बोट धरलं आणि नकाशाच्या डाव्या कडेला नेऊन टेकवलं.

डेलने मान वळवली. नुसते डोळे नाहीत, अख्खी मान, घुबडासारखी. मग म्हणाला, "हं. बारीक छापलंय."

"बाबा, चष्मा बदला आता," रोझान म्हणाली.

"चष्म्याला काय धाड भरलीय?"

तेवढ्यात मी त्याची थाळी फिरवली. उजव्या बाजूचं मांस त्याने संपवलं होतं. डाव्या बाजूचे बटाटे आणि शेंगा होत्या तशाच होत्या. थाळी फिरल्यावर त्याने तेही खाल्लं. ईस्टर झाल्यापासून मी त्याची थाळी अशी फिरवत होते. पहिल्यांदा फिरवली तेव्हा मलाही वाटलं होतं की त्याला बटाटे नको झालेत.

मार्चमध्ये एका सकाळी तो गोठ्यात पालथ्या बादलीवर बसलेला सापडला होता. गायी आम्ही कधीच विकल्या, पण त्याला अजून गोठ्यात जाऊन बसायला लागतं. चेहरा पांढरा पडला होता, आणि मी हाक मारली तर भलतीकडेच बघत होता. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाला, "डोकं जरा हललं. चहा कर." दुसऱ्या दिवशी चालायला-बोलायला नीट होता. मी देवाचे आभार मानले आणि विषय तिथेच राहिला.

पण मिस्सेत शेजारच्याचा हात हातात घेऊन शांतीची खूण द्यायची वेळ आली की मी त्याच्या डाव्या हाताला बसलेली असे, हात पुढे करून, आणि तो समोर बघत राही. मी कोपराला स्पर्श केला की दचकून वळे. "अगं, तू इथेच आहेस होय." मी नंतर जागा बदलून उजवीकडे बसायला लागले.

रोझान निघताना दारात अर्धा तास गेला, मग गाडीपाशी अर्धा. तिने खिडकीची काच खाली करून हळूच विचारलं, "आई, बाबा कुणावर चिडलेत का?"

"का गं?"

"कारखान्यात बोलतात. म्हणे डेल आता रस्त्यात बोट उचलत नाही."

आमच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं. ओळख असो नसो. हात हलवला तर लोक म्हणतात याला काय झालं, आणि बोटही उचललं नाही तर म्हणतात आपलं काय चुकलं. विचारत मात्र कुणी नाही. चुकल्याची शंका आली की आमच्याकडे लोक विचारत नाहीत, आठवत बसतात.

"त्यांनाच विचार," मी रोझानला म्हटलं.

"मी विचारू? तू सांग ना."

रोझान जन्मली तेव्हा ती वाचेल असं कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा मी मरियामातेपुढे नवस बोलले होते: रोज दुपारच्या आत जपमाळ, आणि कुणाच्याही माघारी त्याच्याविषयी शब्द नाही. ती वाचली, तिच्या पोरी झाल्या, मी शब्द पाळत आले. त्या दिवशी गाडीच्या खिडकीवर हात ठेवून मी उभी राहिले आणि शब्द तोंडाशी आला तो गिळला. मागच्या सीटवर ब्रिन पोहायच्या चष्म्याचा हट्ट करत होती. "गुलाबी हवा! टेसाचा निळा आहे, मला गुलाबी हवा!"

गाडी गेली. खडीची धूळ बराच वेळ मक्यावर तरंगत राहिली. माझ्या मनात नुसतं एवढंच होतं: शुक्रवारी या दोघी त्याच्या मागे बसणार, आणि आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे समोरून येणारी प्रत्येक गाडी त्याच्या डावीकडून जाणार.

मंगळवारी व्हर्लिन कॉप आला. आमची जमीन तोच कसतो. दारात टोपी काढून उभा राहिला, हातात बायकोने केलेल्या ओटच्या वड्यांचं भांडं.

"आत ये ना," मी म्हटलं.

"नको, नको. उभ्या उभ्याच आलोय."

"कॉफी तरी."

"त्रास नको. आहे का केलेली? असेल तर अर्धा कप."

तो दोन कप प्यायला, पावसाबद्दल बोलला, मक्याबद्दल बोलला, त्याच्या मेहुण्याच्या गुडघ्याबद्दल बोलला. मग भांड्याकडे बघत म्हणाला, "डेल, ते फवारणीचं. त्या दिवशी वारा फिरला आणि औषध बर्नाडीनच्या टोमॅटोवर आलं. मला तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. तू रागावलास ते बरोबरच आहे."

माझे टोमॅटो करपले होते खरे. ते औषधाने, हे मला तेव्हा कळलं. डेलला तर टोमॅटो करपलेत हेच ठाऊक नव्हतं, वाफा दाराच्या डाव्या बाजूला आहे.

"तीनदा मी बोट उचललं," व्हर्लिन म्हणाला. "तू सरळ बघत गेलास. बायको म्हणाली, जा आणि मोकळा हो."

डेल माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. मग त्याने घसा साफ केला.

"हो," तो म्हणाला. "रागच आला होता. पण जाऊ दे आता, व्हर्लिन. झालं गेलं."

व्हर्लिनच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. त्याने डेलचा हात धरून हलवला, पोरींना मिलवॉकीत काय काय दाखवा ते सांगितलं, आणि दारापासून गाडीपर्यंत आणखी एकदा सगळं पाऊसपाणी बोलून गेला.

मी कप विसळत होते. मी पाठमोरीच म्हटलं, "तुला राग आला नव्हता."

"नव्हता."

"मग तुला माहीत आहे."

तो खुर्चीत मागे टेकला. "बर्नी, मला चिडका म्हटलेलं चालेल."

"तो तीनदा समोरून गेला, डेल. त्याचा ट्रक केवढा आहे."

"मी मान वळवतो ना. आता सवय झालीय. दर थोड्या वेळाने डावीकडे मान वळवायची."

"मिलवॉकीत चार चार गाड्या शेजारी शेजारी पळतात."

"सगळ्या एकाच दिशेने पळतात, त्यात काय भ्यायचं?" तो हसला, पण मी हसले नाही तेव्हा त्याचा आवाज खाली आला. "डॉक्टरकडे गेलो की लायसन्स जाईल. मग तू रोज सकाळी मिस्सेला कशी जाशील? तुला तर गाडी गोठ्याच्या बाहेर काढायचीही भीती. आणि माझे वडील आठवतात? किल्ल्या काढून घेतल्या त्यांच्याकडून, आणि ते त्या खिडकीत बसले. बर्फ पडायच्या आत गेले. ही एक फेरी होऊ दे. पोरींना पाण्यात खेळताना बघू दे. मग मी आपणहून जाईन डॉक्टरकडे."

"पोरी मागे असतील."

"मागे पट्टे आहेत."

"डेल."

"तू आहेस ना शेजारी. तू बघ."

पण मी बसते उजवीकडे. मला दिसतं तेच जे त्याला दिसतं.

दुसऱ्या दिवशी पशुखाद्याच्या दुकानात मीठ आणायला त्याच्याबरोबर गेले. मला बघायचं होतं, आणि त्यालाही दाखवायचं होतं. तो हळू चालवत होता, मान वळवत होता, मी मनात जप करत होते. परत येताना गावाबाहेरच्या चौकात, जिथे चारी बाजूंनी थांबायचं असतं, तो थांबला. मान वळवली. मग निघाला. मी पुढे वाकले तर डाव्या काचेत दुधाचा टँकर, चकचकीत, इतका जवळ की त्याच्या पोलादात आमचीच गाडी दिसत होती.

"डेल!"

ब्रेक लागला. मिठाच्या पोत्याआधीच मी पुढे आदळले. टँकरवाल्याने भोंगा वाजवला नाही. त्याने हात केला, तुम्ही आधी जा, असा. आमच्याकडचे लोक असेच असतात. मरता मरता आधी तुम्ही म्हणतील.

डेलच्या वरच्या ओठावर घाम होता. "घाईत होता लेकाचा," तो म्हणाला.

टँकर उभा होता. तो घाईत नव्हता.

गुरुवारी रोझानला फोन केला. ठरवून केला होता. डेल बाहेर व्हॅन धूत होता, पाण्याच्या नळीचा आवाज येत होता. म्हणजे तो माघारीच होता. मी काही म्हणायच्या आत ब्रिनने फोन हिसकावला.

"आजी! गुलाबी मिळाला! मी आंघोळीतपण घातला!"

"छान गं सोन्या. आईला दे."

"आई कपडे भरतेय. आजी, तू पाण्यात येशील?"

"पाय बुडवीन."

"आजोबा?"

"आजोबांचं आजोबांना विचार."

रोझान आली फोनवर तेव्हा तिला दम लागलेला होता. "आई, काही हवंय का? उशा आणू? बाबांना आवडतात तसले चीजचे तुकडे घेतलेत, वाटेत खायला."

"रोझान, तू गाडी चालवशील का उद्या?"

"मी? बाबांची व्हॅन?" ती हसली. "मला हात लावू देतील का? का गं, त्यांनी म्हटलंय का तसं?"

"नाही. त्यांनी नाही म्हटलं."

"मग कशाला उगाच त्यांचं मन दुखवायचं?"

नळी बंद झाली. डेलची पावलं पायरीवर वाजली. मी फोन ठेवला. त्या दिवशी जपमाळ हातात धरली तर मणी बोटांखालून नुसते सरकत गेले, प्रार्थना कुठल्या मण्यावर होती ते कळेना.

शुक्रवारी सकाळी रोझान पोरींना घेऊन आली. आभाळ स्वच्छ होतं, वारा अजिबात नव्हता, आणि व्हर्लिनचा मका डेलच्या डोक्यावरून गेलेला. वाटेच्या दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहाव्यात तसा. बर्फाचा डबा, टॉवेल, खेळण्याची बादली, सगळं मागे भरलं. टेसा आत बसून पट्टा लावून तयार होती. डेल पुढे बसला, खिडकी उघडी, कोपर बाहेर. नवा शर्ट घातला होता. मला तो लग्नाआधी घ्यायला यायचा तेव्हाच्यासारखा दिसला.

ब्रिन त्याच्या खिडकीशी गेली. डोळ्यांवर गुलाबी चष्मा, हातात चीजचा तुकडा उंच धरलेला.

"आजोबा, घ्या," ती तोंडातल्या घासातून पुटपुटली.

डेल समोर बघत होता. बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरला होता.

"आजोबा." तिने टाचा उंचावल्या. तुकडा त्याच्या गालापासून वीतभर होता. नेमकं तेव्हाच रोझानने मागचं दार जोरात ओढलं, आणि ब्रिनचा आवाज त्या आवाजात गेला. ब्रिन थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग हात खाली घेतला, मागे सरकली आणि माझ्या झग्याला बिलगली.

"आजी," ती कुजबुजली, "आजोबा माझ्यावर पण चिडलेत का?"

मी तिला माझ्या मागे घेतलं. पुढे होऊन डेलच्या खिडकीत उभी राहिले. तो समोर होता, माघारी नव्हता.

"रोझान," मी म्हटलं, "टेसाला खाली उतरव."

"का? काय राहिलं?"

"तुझ्या बाबांना डावीकडचं दिसत नाही. मार्चपासून. परवा आम्ही टँकरखाली जाता जाता वाचलो. पोरी या गाडीत बसणार नाहीत."

माझा आवाज मोठा नव्हता. मला मोठा आवाज काढताच येत नाही. रोझान उघड्या दाराला धरून उभी राहिली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून बसलेल्या बापाकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर नकाशा, चष्मा, कारखान्यातलं बोलणं, एकामागून एक सगळं येत गेलेलं मला दिसलं.

"बाबा?"

डेल ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बरं," तो म्हणाला.

रोझानने टेसाचा पट्टा सोडला. टेसा रडायला लागली, हॉटेलचं काय, हौदाचं काय म्हणून. बर्फाचा डबा आतच राहिला. मागचं दार बंद झालं मात्र, डेलने गाडी सुरू केली.

"डेल, उतर."

"मी तेवढं बघून येतो," तो म्हणाला. "तो लेक. आता निघालोच आहे तर."

"बाबा, थांबा! बाबा!"

व्हॅन हलली. त्याच्या डाव्या बाजूला मी होते. मला टाळायला त्याने चाक वळवलं नाही, मीच मागे झाले. ती खडीवरून, दोन्ही बाजूंच्या मक्यामधून, सावकाश गेली. रोझान पोरींना पोटाशी धरून उभी होती. माझ्या हातात जपमाळ कधी आली कळलं नाही.

वाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे मक्यामुळे कुणालाच काही दिसत नाही. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही नाक बाहेर काढूनच बघावं लागतं. तिथे व्हॅनचे मागचे दिवे लाल झाले.

आणि लालच राहिले.

मी चालायला लागले. पळाले नाही. पळाले तर तो निघेल असं मला का वाटलं कोण जाणे. रोझान मागून "आई" म्हणाली, मी हाताने तिला तिथेच राहायला सांगितलं. खडी पायाखाली वाजत होती. मका दोन्हीकडून मुका उभा होता. दूर कुठेतरी, टेकडीपलीकडे, कसल्यातरी इंजिनाची घरघर होती, की ते आमचंच इंजिन होतं, मला सांगता येईना.

मी त्याच्या खिडकीशी पोचले. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि पांढरे पडले होते. तो समोर बघत होता.

"बर्नी?"

"मीच."

"मान वळवली तर मका दिसतो," तो म्हणाला. "नुसता मका. आणि मका संपतो कुठे ते कळत नाही." मग म्हणाला, "डावीकडून काही येतंय का गं?"

मी व्हॅनच्या पुढे जाऊन रस्त्यावर उभी राहिले. डावीकडे डांबर टेकडीपर्यंत सरळ गेलेलं होतं, उन्हात थरथरत. त्यावर काही नव्हतं. ना ट्रॅक्टर, ना टँकर, ना साधी सायकल. एवढा मोकळा रस्ता मी कधी पाहिला नव्हता.

"येतंय," मी म्हटलं. "थांब."

त्याचा पाय ब्रेकवर घट्ट झाला. व्हॅन किंचित हलली आणि स्थिर झाली. मी परत खिडकीशी आले आणि काचेच्या कडेवर हात ठेवला. किल्लीला हात लावला नाही. ती त्यानेच काढायला हवी होती.

बराच वेळ गेला. त्याने विचारलं, "अजून येतंय?"

"अजून येतंय," मी म्हटलं.